गड्ड्यातली वाफेची गाडी

आमच्या ह्यांचं इंजिन पहिल्यांदा चाललं ते आमच्या स्वयंपाकघरात. मी चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. हे पलीकडं उकिडवे बसून, पितळेच्या एका नळकांड्याखाली स्पिरिटचा दिवा लावून वाट बघत होते. दोन वीत लांबीचं ते इंजिन. चाकं काळी रंगवलेली, वर बोटाएवढं धुराडं. कितीतरी महिने ते आमच्या फळीवर पिठामिठाच्या डब्यांशेजारी पडून होतं, आणि मला त्यात एखाद्या भांड्यापलीकडं काही दिसत नसे. त्या दिवशी त्याच्या पोटात आधी काहीतरी कुजबुजलं. मग फुस्स झालं. ह्यांनी बोटानं चाकाला जरासा झोका दिला आणि ते निघालं.

कुणी ओढत नाही, कुणी ढकलत नाही, आणि ते आपलं आपण फुसफुसत फरशीवरून चाललंय! थापलेली भाकरी हातावर तशीच धरून मी बघत राहिले. ते सरळ येऊन माझ्या परातीवर आदळलं आणि कलंडलं. तरी चाकं फिरतच होती.

"चाललं की!" हे म्हणाले. मग परत, हळू आवाजात, "चाललं की गं."

मी विचारलं, "ह्यात देव हाय का वो?"

"वाफ हाय," हे हसून म्हणाले. "पर आज मलाबी देवच हाय असं वाटायलंय."

मी वळसंगची. लग्न होऊन सोलापुरात रेल्वेच्या चाळीत आले तेव्हा मला धड मराठीही बोलता येत नव्हतं. माहेरी आम्ही कानडी बोलायचो, मराठी बाजारापुरतं. हे इंजिनाच्या शेडमध्ये फिटर होते. दिवसभर मोठ्या इंजिनांच्या पोटात शिरून काम करायचे आणि घरी आले की साहेबाला विचारून आणलेले पितळेचे मोडके तुकडे घासत बसायचे. ह्यांच्यासारखेच आणखी दोघे होते. एक शेजारच्या खोलीतले अण्णा, ते सिग्नलवर होते. दुसरे चाचा, बाजारात त्यांचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. रविवारी तिघं आमच्या ओसरीवर जमायचे. चाळीतली माणसं त्यांना 'खुळ्यांचं मंडळ' म्हणायची आणि तेही ते नाव मिरवायचे.

इंजिन चालल्यावर खुळ्यांना जोर आला. चाचांनी रॉकेलच्या डब्यांचा पत्रा कापून गाडीचे डबे केले. त्यांना खिडक्या, दारं, आत बसायला बाकं. अण्णांनी दोऱ्यानं वरखाली होणारे सिग्नल केले. रूळ तर ओसरीभर पसरले होते, चालायला जागा राहिली नव्हती. एका रविवारी चाचा म्हणाले, "इत्ती मेहनत करके घर में कायकू रखना? गड्डे में लगाते. सब लोगां देखेंगे."

आमच्याकडं संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिला सगळे गड्डाच म्हणतात. मानाच्या उंच काठ्या निघतात, तळ्याकाठच्या देवळात पाय ठेवायला जागा नसते आणि मैदानात पाळणे, सर्कस, तंबूतलं बायस्कोप, बांगड्यांची आणि चिरमुऱ्यांची दुकानं. गावोगावच्या गाड्या येऊन उतरतात. अशा ठिकाणी ह्यांची दोन वीत गाडी कोण बघणार, असं मला वाटलं होतं.

एक दिवस ह्यांनी विचारलं, "गाडीला मानसं पायजेत. तू करशील का?"

लहानपणी आम्ही ज्वारीच्या धाटाच्या बैलगाड्या करायचो. धाट सोललं की आतला पांढरा गाभा हलका, मऊ, नखानं कापावा तसा कापला जातो. त्याच धाटाची मी माणसं करायला लागले. वरून चिंध्यांची धोतरं, लुगडी, फेटे. डोक्यावर बोचकं घेतलेली बाई, छत्री लावलेला मास्तर, पाणी विकणारा, हिरवं निशाण धरलेला गार्ड. पहिली पाच-सहा बेंगरूळ झाली. मग हात बसला. भाकऱ्या उरकल्या की मी दिवसभर माणसं घडवत बसायची. त्या परक्या गावात मला पहिल्यांदा करमायला लागलं ते त्या माणसांत.

चाचांनी आमची चाळही पत्र्याची केली होती, काड्यापेटीएवढ्या खोल्यांची. तिच्या एका दारात मी कुणाला न सांगता एक बाई बसवली. हिरवं लुगडं, पुढं सूप. ती मी होते. ती मी माझ्या आईसाठी केली होती. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत. माझी आई तर इतकी कडक की लेकीच्या उंबऱ्याच्या आतही यायची नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि माझी चूल कुठं आहे, मी पाणी कुठून भरते, हे तिला ठाऊक नव्हतं. गड्ड्याला ती येणार होती. म्हटलं, घर नाही तर घराचं चित्र तरी बघेल.

मैदानाच्या कडेला एक लहानसा तंबू मिळाला. फळ्यांचं मोठं मेज मांडून त्यावर ह्यांनी सोलापूर उभं केलं. गिरणीचं धुराडं, तळं आणि तळ्यातलं देऊळ, स्टेशन, चाळ. तळ्याच्या जागी आरसा ठेवला होता. तिथून रूळ निघायचे, भीमेच्या पुलावरून जायचे, आणि पलीकडच्या टोकाला घाटाचा डोंगर. डोंगर गोणपाटाचा, वरून माती-शेणाचा गिलावा, त्यावर हिरव्या रंगात बुडवलेला कापूस. डोंगराच्या पोटात वळणाचा बोगदा. बोगद्यातून गाडी मेजाच्या मागच्या अंगाला निघायची आणि फिरून स्टेशनात. मागच्या बाजूला कनात लावली होती. कनातीमागं मी, पडलेली माणसं उचलून परत उभी करायला. बाईमाणसानं लोकांपुढं जायचं नाही, म्हणून कनातीला पाडलेल्या फटीतून बघायचं.

पहिल्या दिवशी दिवेलागणीला गॅसबत्त्या लावल्या. मी फटीला डोळा लावला. ओसरीवर मी सगळं तुकड्या-तुकड्यानं पाहिलं होतं. इथं ते एकत्र झालं होतं. आरशाच्या तळ्यात देवळाचं शिखर उलटं पडलं होतं. माझ्या हातची माणसं स्टेशनवर गर्दी करून उभी होती आणि त्यांच्या सावल्या खऱ्या माणसांसारख्या लांब पडल्या होत्या. अण्णांनी दोरा ओढला, सिग्नलचा हात खाली आला. इंजिनानं शिट्टी दिली, आमच्या चहाच्या किटलीपेक्षा बारीक. आणि सगळी गाडी, आतल्या माणसांसकट, हलली. ती पुलावर आली तेव्हा खालच्या काचेच्या नदीतून दुसरी गाडी उलटी चालली होती. घार आभाळातून आपलं गाव असंच बघत असेल का, असं माझ्या मनात आलं. आणि वाटलं, आपण एवढेसे आहोत, आणि एवढ्याशांनी हे केलं!

तंबू माणसांनी गच्च भरला होता, पण आवाज नव्हता. बाहेर ढोल वाजत होते, पाळण्यावर पोरी किंचाळत होत्या. आत मात्र फेटेवाले शेतकरी, गिरणीतले कामगार, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या बायका, सगळ्यांची तोंडं उघडी. गाडी बोगद्यात शिरली की श्वास रोखायचे आणि मागून बाहेर आली की एकदम, "आली, आली!" एका म्हाताऱ्यानं तर खिशातून बुक्का काढून इंजिनाला लावायला हात पुढं केला. ह्यांनी हळूच त्याचा हात धरला. "आजोबा, लई तापलंय. लांबूनच करा नमस्कार." म्हाताऱ्यानं लांबून केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आली. वळसंगच्या शेजाऱ्यांच्या बैलगाडीतून आली होती, अंगावर धूळ तशीच. मला ती फटीतून दिसली. बायकांच्या घोळक्यात सगळ्यात पुढं, मेजाला हात न लावता, हात पाठीशी बांधून उभी. तिनं खरी गाडी लांबून पाहिली होती, शेतापलीकडं धुराची रेघ तेवढी. ह्यांनी तिला बघितलं, वाकून नमस्कार केला आणि बोटानं दाखवायला लागले. "अव्वा, हे टेशन. ही शेड, हितं मी असतो कामाला. आनि ही आमची चाळ."

आई वाकली. बराच वेळ वाकलेलीच होती. मग तिनं कानडीत विचारलं, "इदु नन्न मगळु?" ही माझी लेक?

ह्यांनाही ते ठाऊक नव्हतं. त्यांनी वाकून हिरव्या लुगड्याच्या बाईकडं बघितलं, मग कनातीकडं. मी मागं झाले.

"व्हय अव्वा," हे म्हणाले. "तीच की."

"नळ कुटं हाय?"

"ह्यो काय, चार दारं सोडून."

"जवळ हाय," आई म्हणाली. तेवढंच. पदराचं टोक तोंडाला लावून ती सरळ उभी राहिली. तेवढ्यात शिट्टी झाली, गाडी निघाली, आणि माझी कडक आई लहान मुलीसारखी बोट दाखवून म्हणाली, "बंतु! बंतु!" आली, आली.

गाडी तिच्या पुढून गेली, पूल ओलांडून बोगद्यात शिरली. आणि बाहेर आलीच नाही.

लोक वाट बघत राहिले. मी कनातीमागं, बोगद्याच्या मागच्या तोंडाशीच होते. आतून फुसफुस ऐकू येत होती, पण एकाच जागी. मग ती थांबली, आणि तोंडातून निळसर धूर यायला लागला. स्पिरिटचा नव्हे. जळक्या गोणपाटाचा वास होता तो.

हे समोरच्या बाजूला होते. त्यांनी समोरच्या तोंडातून हात घातला, पण फिटरचा दंड, वळणावर अडकला. अण्णा सिग्नलचे दोरे टाकून धावले, तर गर्दीत अडकले. कुणीतरी ओरडलं, "आग! आग!" आणि तंबूतली माणसं एकदम दाराकडं लोटली. तंबू कापडाचा, भुईवर कडबा अंथरलेला, शेजारी चिरमुऱ्याच्या भट्ट्या. काय झालं असतं ते सांगायला नको.

मी कनात बाजूला सारली. डोक्यावरून पदर घेतला की नाही तेही आठवत नाही. बोगद्याच्या तोंडातून हात घातला. चाचा वाळूची बादली घेऊन आले, ओरडले, "नक्को बेटी! हात जलेगा!" काचेच्या बांगड्या कडेला अडकल्या, मी दाबून आत नेल्या, त्या फुटल्या. कोपरापर्यंत हात आत गेला आणि बोटांना धुराडं लागलं. ते हाताला चिकटल्यासारखं झालं. मी ओढलं. एक डबा आडवा पडला होता, तो करकरला आणि सुटला. इंजिन पेटत्या दिव्यासकट बाहेर आलं आणि मी ते खाली टाकलं. चाचांनी त्याच्यावर बादली पालथी केली. तोवर हे मेजावर चढून डोंगर दोन्ही हातांनी फाडत होते, आणि फाडता फाडता लोकांना ओरडून सांगत होते, "खाली बसा! समदे खाली बसा! विझलं हाय!"

विझलं नव्हतं. पण लोक बसले, आणि खरंच विझलं.

मग मी पाहिलं तर सगळा तंबू माझ्याकडं बघत होता. बसलेल्या लोकांत एकटी आई उभी होती. ती पळाली नव्हती. मेजाला वळसा घालून ती आली, माझा हात उलटा करून बघितला. तळवा लाल, बोटं पांढरी पडलेली. ती रागावली नाही की रडली नाही. ह्यांना म्हणाली, "कोरफड कुटं मिळंल?"

"चाळीमागं हाय, अव्वा."

"मग चला."

चाळीपर्यंत ती माझा हात मनगटाला धरून चालली. ह्यांनी कोरफड कापून आणली, तिनं ओसरीवर बसून गर काढला आणि हातावर बांधला. दिवस कलला होता. ती उठली, उंबऱ्यापाशी गेली आणि थांबली. मला वाटलं आता परत फिरेल.

"रातच्याला भाकरी कोन करनार?" तिनं विचारलं.

"मी करीन की डाव्या हातानं," मी म्हणाले.

"डाव्या हातानं भाकरी व्हती व्हय?" आईनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "लेकीच्या घरचं खायचं न्हाय. करायचं न्हाय असं कुटं सांगितलंय?" आणि उजवं पाऊल टाकून ती आत आली.

तिनं माझी चूल पेटवली. फळीवरचे डबे एकेक उघडून वास घेऊन बघितले. पिठाला हात लावला, म्हणाली, "दळन बारीक हाय." ह्यांच्या, अण्णांच्या, चाचांच्या भाकऱ्या थापल्या, वांग्याची भाजी केली. पुरुष ओसरीवर जेवले. चाचा म्हणाले, "बेटी नहीं होती तो आज तंबू गया था." मग आई आपलं गाठोडं घेऊन ओसरीच्या टोकाला जाऊन बसली, वळसंगहून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सोडली, आणि तिच्याच तांब्यातलं पाणी प्याली. मी आत बसून डाव्या हातानं तिनं केलेली भाकरी खाल्ली. आमच्यामध्ये उंबरा होता. मला दोन वर्षांत पहिल्यांदा जेवण झाल्यासारखं वाटलं.

सकाळी तिघांनी इंजिन धुतलं, वाकलेली दांडी ठोकून सरळ केली. डोंगर मात्र एका अंगानं पार उघडा पडला होता. गिलावा करून वाळायला वेळ नव्हता. अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे तसाच." दुपारी खेळ सुरू केला आणि काय सांगू! लोक त्या उघड्या बाजूला वाकून बघायला लागले. आतल्या काळोखातून इंजिनाखालचा निळा दिवा सरकत जायचा आणि त्याच्या उजेडात खिडक्यांतली माझी माणसं क्षणभर दिसायची, एकेक तोंड. डोंगराच्या पोटातून जाताना गाडीतली माणसं कशी दिसत असतील ते कुणी कधी बाहेरून पाहिलं होतं? पहिल्या दिवशीपेक्षा गर्दी वाढली. ज्यांनी एकदा पाहिलं तेही परत आले.

त्या दिवशी मी कनातीमागं बसले नाही. हे म्हणाले, "आता कुनापासनं लपायचं?" मी आईच्या शेजारी पुढंच उभी राहिले. आईनं बाजारातून नव्या हिरव्या बांगड्या आणल्या होत्या, भाजलेल्या हातात कासारालाही न जमाव्यात इतक्या हळू तिनं त्या भरल्या. दुपारभर ती गाडी बघत होती. मधेच ह्यांना विचारलं, "जावईबापू, ही गाडी कितीबी लांब गेली तरी परत येतीच का?"

"ही गोल रुळावरची हाय, अव्वा. हिला दुसरं कुटं जाताच येत न्हाय."

"बरं हाय," आई म्हणाली.

गड्डा उठला तशी आमची गाडीही उठली. पुढच्या वर्षी ह्यांची बदली झाली, अण्णाही दुसऱ्या स्टेशनात गेले, आणि ते खूळ परत कधी तसं जमलं नाही. चाचांनी डबे आपल्या दुकानात टांगले होते. बरीच वर्षं येणारी-जाणारी गिऱ्हाइकं त्यांची चौकशी करायची. माझ्या तळव्यावर डाग राहिला. थंडीत तो अजून जरा आखडतो.

त्यानंतरच्या वर्षी मी बाळंतपणाला वळसंगला गेले. गाडीतून उतरते तोच गल्लीतल्या बायका जमल्या. आईनं गड्ड्याची हकीकत सांगितली होती आणि त्या हकीकतीनं गावात चांगलंच बाळसं धरलं होतं. एकीनं विचारलं, "तुज्या नवऱ्यानं डोंगर फोडून आगगाडी काडली म्हनं?" दुसरी म्हणाली, "आनि पेटलेलं इंजन तू एका हातानं वडलंस? म्हशीएवडं होतं म्हनं!"

मी दोन वितींचं माप दाखवायला हात पुढं केला. आई दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघून हळूच मान हलवली, नको म्हणून. मी हात खाली घेतला.

"व्हय," मी म्हणाले. "म्हशीएवडंच होतं."